उजवीकडून पुसत जाणारे मोडक सर

मोडक सरांकडे गेलेल्या माणसाला चहा मिळो न मिळो, एक संख्या हमखास मिळायची. छत्रीबागेतल्या त्यांच्या ओसरीत काळा फळा होता आणि त्यावर ठळक लिहिलेलं असायचं, ७३९३९१३३. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. मी शेजारचा, त्यामुळे पुढचं प्रवचन मला पाठ होतं.

“देख भिया,” डस्टर उचलत ते म्हणायचे, “आखरीचा अंक काटून टाक. उरलेला पण प्राइम. अजून एक काट. तो पण प्राइम. काटत काटत सात राहतो, तो पण प्राइम. अशी याच्याहून मोठी संख्या नाही. माणसाने असं राहावं. कोणी गेलं तर जाऊ दे, अपन तसेच्या तसे.”

पाहुणे भारावून जायचे. मला किळस यायची. संख्या काही यांनी शोधलेली नव्हती, पण तोरा असा, की जणू घरच्या विहिरीतून उपसली. जन्मभर कॉलेजात गणित शिकवून या गृहस्थांनी त्यातून काय घेतलं, तर आपल्या हेकटपणाला एक सबब.

सख्ख्या भावाने मुलाच्या लग्नपत्रिकेत यांच्या नावामागे ‘प्राध्यापक’ छापलं नाही, भाऊ काटला. मुलीने, मंजिरीने, ऑफिसातल्या मुलाशी लग्न केलं, मुलगी काटली. काकू तिच्या बाळंतपणाला देवासला गेल्या, तर परत यायची गरज नाही असा फोन केला. “बाकी राहिलेला पण प्राइमच,” ते मला म्हणाले, आणि मीच नेऊन दिलेल्या पोह्यांवर शेव घालून घेतली.

गेल्या दिवाळीत मंजिरी लेकीला घेऊन आली. मी ओसरीतच होतो. जाळीच्या दाराबाहेरून तिने विचारलं, “बाबा, आत येऊ का?”

सरांनी कडी काढली नाही. फळ्याकडे बोट केलं. “याच्यापुढे कोणताही अंक जोडून देख. फुटून जाते, प्राइम राहत नाही.”

ती लेकीचा हात धरून गल्लीतून निघून गेली. मी उठून घरी आलो आणि पोहे देणं बंद केलं.

थंडीत सर गेले. सगळं मंजिरीनेच केलं. तेराव्यानंतर ती ओसरी आवरत होती, फळ्यापाशी थांबली.

“लहानपणी त्यांनी मला हे डावीकडून शिकवलं होतं,” ती म्हणाली. “सात एकटा होता. मग तीन आला, त्र्याहत्तर झाले, तरी प्राइम. मग नऊ आला, तरी प्राइम. म्हणायचे, देख मंजू, माणसं येत राहतात आणि आपलं काही बिघडत नाही.”

म्हणजे सरांना ठाऊक होतं. तोवर मी त्यांना मूर्ख समजून थोडंफार माफ करत आलो होतो. त्या दिवसापासून तेही सोडलं.