बंदूक मुकी झाली तेव्हा

होस्टेलच्या जेवणघरात ताट हातात घेऊन उभा होतो, तेव्हा भावाचा फोन आला. "बाबांना गोळी लागली. तू नीघ." ताट तिथेच ठेवून मी नंदुरबारहून शहाद्याची बस धरली. पोहोचलो तेव्हा बाबा गेलेले होते... त्यांच्याविषयी लिहावं की नाही, हे अजून ठरत नाही. आमच्या घरात लिहायला शिकलेला मीच पहिला, म्हणून लिहितो आहे.

आम्ही वर डोंगरातल्या काठी गावाकडचे. दिवाळीनंतर आईबाबा सातपुडा उतरून कळसाडीला आप्पांच्या शेतावर राहायला जात. आप्पा म्हणजे शेताचे मालक. उसात रानडुकरं फार, म्हणून आप्पांकडे परवान्याची रायफल होती. तिथली एक रीत होती. संध्याकाळी आप्पा आधी पंपघराजवळ हवेत एक बार काढायचे. तो ऐकला की पाणी देणारी माणसं उसातून बांधावर यायची, आणि मगच आप्पा उसात शिरायचे. बाबा म्हणायचे, "आप्पांची बंदूक आपल्याला घरी बोलावते."

पण त्या बाराने डुकरंही पळायची. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे होतो, तेव्हा आप्पांनी फोनवर दोन-तीन बघून निवडलेला एक सायलेन्सर कुणाकडून तरी मागवला होता. असं काही लावायला परवानगी नसते, हे मला पुढे कॉलेजात वाचून कळलं. पंपघराच्या ओट्यावर बसून त्यांनी ती काळी नळी रायफलीच्या तोंडाशी फिरवून बसवली, एक डोळा मिटून सरळ बसली का ते पाहिलं आणि बाभळीवर गोळी झाडली. साल उडाली. पलीकडे भांडी घासणाऱ्या आईने मानसुद्धा वळवली नाही.

"देख रुमल्या, आते आवाज येवाव नही!" आप्पा खूश होऊन बाबांना म्हणाले.

बाबांनी बाभळीकडे पाहिलं. "आप्पा, मंग आमले कसं समजी?"

"फोन करसू ना तुले! मोठा साहेब शे तू."

सगळे हसले. बाबाही हसले, पण त्या दिवसापासून ते उसात मोठमोठ्याने खोकत जायचे. आई म्हणाली, "होळीच्या नाचातले घुंगरू कमरेला बांधून जा." बाबा म्हणाले, "डुकरं नाचायला लागतील." मग हसू थांबवून म्हणाले, "ते नवसाचे आहेत. होळीशिवाय बांधायचे नाहीत." वारा सुटला की ऊस असा सळसळायचा, की खोकला चार सऱ्यांपलीकडे जात नसे.

त्या संध्याकाळी वारा होता. बाबा पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला आत गेले होते आणि त्यांचा फोन झोपडीत चार्जिंगला होता. आप्पांनी उसात शिरण्याआधी फोन केला होता. दोनदा वाजला, असं आई सांगते. ती धावत बांधापर्यंत गेली, हाका मारल्या... आप्पांना ऊस हलताना दिसला.

आता आप्पांवर केस चालू आहे. शेत त्यांचा मुलगा बघतो.

परवा कळसाडीच्या शेतावर मजूर नेणारा मुकादम आमच्या घरी आला. दाराशी एक चपटा दगड आहे, बाबा त्यावर बसून विडी ओढायचे. कुणी सांगायच्या आत तो त्यावरच बसला. भावाला यंदा पाठवा म्हणाला. भाऊ जायला तयार होता. मी शिकतो, घरात दुसरं कोण आहे? आईने चहा दिला आणि विचारलं, "आप्पांच्या पोराची बंदूक वाजते का?"

मुकादम चहावर फुंकर मारत राहिला. आईने भावाची भरलेली पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.