बंद शटरच्या आत

माझी मैत्रीण सावद्याला पलंगावर पडून होती. सातवा महिना चालू होता आणि डॉक्टरांनी तिला न्हाणीघराच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही असं बजावलं होतं. आधी दोनदा तिचा गर्भ टिकला नव्हता. त्यामुळे त्या घरात सगळे दबकून वावरत. तिचे सासरे केळीच्या बागेतून आले की हाक न मारता आत यायचे. जणू मोठ्यानं बोललं तरी काहीतरी निसटेल.

दिवसभर ती फोनवर एकाच बाईची गाणी ऐकायची. धुळ्याकडच्या एका खेड्यातली, अहिराणीत गाणारी ती मुलगी दोन-तीन वर्षांत एवढी गाजली होती की लग्नाच्या हळदीपासून रिक्षापर्यंत तिचाच आवाज. आमचं बोलणं सावद्याकडचं, तिचं निराळं, तरी मैत्रिणीला तिचा शब्द न् शब्द पाठ होता.

एका संध्याकाळी तिचा मला जळगावला फोन आला. "ती रविवारी धुळ्याले येऊ राह्यली वं. कापडाच्या दुकानाचं उद्घाटन हाये. तू जाशील? तिच्या तोंडून बाळासाठी एक वाक्य फोनमदी भरून आण. मले काहीच नको दुसरं."

मी हो म्हणाले. मला गर्दीची भीती वाटते, आणि तीही लाज वाटावी इतकी. लहानपणी पद्मालयाच्या गणपतीला गर्दीत आईचा हात सुटला होता. नुसत्या पाठी, कंबरा आणि पिशव्यांच्या भिंतीत मी रडत उभी होते. तेव्हापासून मी बाजारातसुद्धा कडेकडेनं चालते. नवरा म्हणाला, "जमेल का तुला?" मी म्हटलं, "लांबून उभी राहीन, बाई गाडीतून उतरली की पुढे होईन." त्याला ते पटलं नाही, मलाही नाही.

रविवारी एसटीनं निघाले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि धुळं जवळ यायला लागलं तसं मी कंडक्टरला परतीच्या गाड्या विचारून ठेवल्या.

दुकान मोठ्या रस्त्यावर होतं. काचेचा दर्शनी भाग, झेंडूच्या माळा, बांबूचे कठडे. मी पोचले तेव्हा कठड्यांच्या बाहेर माणसं दाटलेली होती. पोरं दुभाजकावर चढली होती, समोरच्या गच्चीवर बायका लेकरं घेऊन उभ्या होत्या. मी एका रसवंतीच्या आडोशाला थांबले. परत जावं असं तीनदा मनात आलं. फोन काढून मैत्रिणीला सांगावं, की ती आलीच नाही.

तेवढ्यात गाडी आली. मागून एकदम लोट आला. रसवंतीचं टेबल आडवं झालं, आणि माझे पाय जमिनीवर आहेत की नाहीत हे मला कळेना. मी चालत नव्हते, नेली जात होते. कुणाचं तरी कोपर बरगडीत बसलं. एक चप्पल गेली. कठड्याचा बांबू मोडल्याचा आवाज झाला आणि मग काच तडकल्याचा. मी ओरडत होते, पण मला माझाच आवाज येत नव्हता. समोर दुकानाचं शटर खाली येताना दिसलं. त्याच्याखालून कुणीतरी मला ओढणी धरून खसकन आत ओढलं.

शटर आदळलं. आत अंधार. कामगार बाई होती ती; तिनं मला ढकलतच जिना दाखवला, "वर जा, वर जा," आणि स्वतः मागच्या दाराकडे पळाली. शटरवर बाहेरून धाडधाड हात पडत होते. मालक खाली फोनवर पोलिसांना ओरडून पत्ता सांगत होता. मी जिना चढले आणि वरच्या माळ्याच्या खोलीत शिरले.

साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये कुणीतरी बसलं होतं. "कोन शे?" आवाज एवढा बारीक होता, की मला तो ओळखूच आला नाही. "दार लाई ले वं बहिन, दार लाई ले!"

मी कडी लावली. डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसलं, तीच होती. जरीची साडी खांद्यावरून फाटलेली, मनगटात बांगडी फुटून रक्त आलेलं, आणि गुडघे छातीशी घेऊन ती थरथरत होती. तिला कसंबसं आत ढकललं होतं, पण तिच्याबरोबरची माणसं बाहेरच राहिली होती. ती माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होती. फोनमध्ये तसं वाटत नाही.

"माले श्वास नही लेवाई ऱ्हायना," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले. धीर द्यायला हवा होता, पण माझेच दात वाजत होते. खाली काहीतरी कोसळलं आणि आम्ही दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं. शटर तुटलं तर काय, आग लागली तर काय, या खोलीला खिडकी का नाही, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मैत्रीण.

"तू कुठी हायेस?" ती जवळजवळ किंचाळलीच. "मी लाईव्ह पाहू राह्यली! लोकं काच फोडू राह्यले. तू त्यात हायेस का? मह्या पोटात दुखू राह्यलं वं."

त्या क्षणासारखी भीती मला आयुष्यात वाटलेली नाही. गर्दीची भीती त्यापुढे काहीच नव्हती. तिचं बाळ, आणि तेही माझ्या धुळ्याला येण्यापायी. "मी आत आहे, सुरक्षित आहे, ती इथेच आहे," मी कसंबसं म्हटलं. "तू फोन ठेव, नवऱ्याला बोलाव, आधी दवाखान्यात जा."

"ती तिथं हाये?" मैत्रिणीनं विचारलं. मग म्हणाली, "ती रडू राह्यली का?"

"तिला श्वास घेता येत नाहीये."

"स्पीकर लाव."

मी लावला. मैत्रिणीचा आवाज बदलला होता. कुणाला तरी कुशीत घेऊन बोलावं तसा. "बाई, कुशीवर आडवी हो. नाकानं घे, तोंडानं सोड. मोजू नको, मोजलं की जास्त भेव लागते. कशावर तरी हात ठेव. मी भिंतीवर ठेवते, गार लागते. ठेवला?"

त्या मुलीनं फरशीवर हात टेकला. "हां अक्का."

"मीबी आता तसंच करू राह्यली. दोघी करू."

मीही फरशीवर हात ठेवला. फोनमधून मैत्रिणीचा श्वास ऐकू येत होता, शेजारून हिचा. खाली धडधड चालूच होती. बऱ्याच वेळानं हिचं थरथरणं कमी झालं. मग तीच विचारायला लागली, "अक्का, तुनं पोट आते कसं शे?"

"ताठरलं होतं. सैल होऊ राह्यलं."

पलीकडे मैत्रिणीचा नवरा आल्याचा, गाडी काढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. बाहेर पोलिसांच्या शिट्ट्या ऐकू आल्या. थोड्या वेळानं दारावर थाप पडली. दोन महिला पोलिस त्या मुलीला मागच्या बाजूनं जीपमध्ये घेऊन गेल्या. जाताना तिनं माझा हात दाबला. वाक्य भरून घ्यायचं राहून गेलं. मला ते आठवलंसुद्धा नाही.

स्टँडवर मी अनवाणीच गेले. उरलेली चप्पलही कुठे टाकली ते आठवत नाही. परतीच्या गाडीत फोन मांडीवर धरून बसले होते आणि तो वाजला तर काय, या भीतीनं माझी नजर खिडकीबाहेर गेली नाही. पारोळ्याच्या पुढे मैत्रिणीच्या नवऱ्याचा निरोप आला. भुसावळच्या डॉक्टरांनी तपासलं होतं, बाळाचे ठोके ठीक होते. मी एसटीत रडले. शेजारच्या सीटवरच्या एका आजोबांनी पाण्याची बाटली पुढे केली.

मैत्रिणीला मुलगी झाली, दिवस भरायच्या थोडी आधीच. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, आणि ते दिवस आम्ही सगळ्यांनी पुन्हा भीतीतच काढले. आता ती धावते, पडते, ओरडते. त्या घरात कुणी दबकून चालत नाही.

परवा मैत्रीण म्हणाली, "ती गाणारी भुसावळले येणार हाये म्हणे."

"मी येणार नाही," मी लगेच म्हटलं.

"मी कुठं जाय म्हणू राह्यली? गर्दीत मीबी नाही जाणार," ती पोरीची वेणी घालत म्हणाली. "तिले जेवायले घरी बोलवू. भरीत करते मी."