बीगव्वाचं कुलूप आणि छत्रीची काडी

सोलापूरच्या भवानी पेठेत कुणाची किल्ली हरवली की माणूस घरच्यांवर खेकसायच्या आधी धुळाकडं पळायचा. ही गोष्ट एकोणीसशे सव्वीस-सत्तावीस सालची असेल. धुळा जातीचा धनगर, अक्कलकोटच्या पलीकडच्या माळावर बापाच्या मेंढरांमागं वाढलेला. मेंढरं रोगानं गेली तसा सोलापुरात गिरणीत आला. गिरणीचा भोंगा काही त्याला मानवला नाही. मग पेठेच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर गोणपाट टाकून किल्ल्या करायला बसला, तो तिथलाच झाला. पुढ्यात बारकी ऐरण, दोन कानशी आणि कातड्याचा एक बटवा.

त्या बटव्यातला कुलूप उघडायचा एक आकडा विकतचा असेल तर शपथ! सगळी हत्यारं भंगारातली. मंगळवारच्या बाजारात दस्तगीर चाचाच्या ढिगापुढं तो उकिडवा बसायचा आणि कोंबडीसारखा उकरत राहायचा. मागाच्या मोडक्या फणीतल्या पट्ट्या, सायकलचे आरे, बंद पडलेल्या घड्याळाची कमान, छत्रीच्या काड्या. एकेक तुकडा वाकवून बघायचा, सोडायचा, कानाशी नेऊन नखानं वाजवायचा. चाचा वैतागायचा. "बारिश नईं सो गाँव में इत्त्या छतऱ्यां का क्या करते रे धुळा?" धुळा म्हणायचा, "चाचा, सावली करतोय की, एकेका काडीची."

आता कमलाकरपंतांचंच घ्या. कोर्टात कारकून, माणूस एकदम कडक. त्यांची बायको प्रेमलाबाई भांडून माहेरी निघाल्या त्या कोठीची किल्ली कमरेला लावूनच. दुपारी पंत उपाशी, कोठीत तांदूळ, कोठीला कुलूप. धुळानं फणीची पट्टी घातली, दोनदा हलवली, कुलूप पडलं हातात. पंत खूश. पण चार दिवस वाट बघून प्रेमलाबाई आपणच परत आल्या, कोठी उघडी बघितली आणि आल्या त्या तडक पायरीवर. "मेल्या, चार दिवस उपाशी राहिले असते म्हणजे न्यायला आले असते! तुला कुणी सांगितलं होतं उघडायला?" सारी पेठ हसली. धुळाही हसला. कुलूप उघडलं की काम झालं, एवढंच त्याला ठाऊक. पुढचं ज्याचं त्यानं बघावं.

त्याची धाकटी बहीण मायाक्का. तिचं सासर सरहद्दीवरच्या एका वाडीत, जिथं माणूस हाक मराठीत मारतो आणि शिवी कानडीत देतो. नवरा बिरदेव, मेंढरंवालाच, कामाला वाघ. मायाक्काची पाठोपाठची दोन लेकरं पाळण्यातच गेली. त्यानंतर ती अधूनमधून हातातलं काम टाकून उठायची आणि माळानं चालत सुटायची. वाटेत भेटेल त्याला विचारायची, "पोरं हिकडनं गेली का वं?" बाहेरचं लागलंय, लोक म्हणाले. शेवटी तिला बीगव्वाच्या पायाशी नेऊन बांधली.

बीग म्हणजे कानडीत कुलूप, अव्वा म्हणजे आई. ही बीगव्वा वाडीजवळच्या टेकाडावर बसलेली. तिची रीत अशी, की डोकं फिरलेल्या माणसाच्या एका पायात साखळी घालून घोट्याशी तिला कुलूप लावायचं, दुसरं टोक देवळासमोरच्या दगडी खांबाला अडकवायचं, आणि किल्ली सगळ्यांदेखत देवीच्या विहिरीत टाकायची. ज्या दिवशी कुलूप आपणहून उघडेल, त्या दिवशी माणूस बरा. कुणाचं महिन्यात उघडायचं. कुणाचं गंजून गळायचं. कुणाचं माणूस गेल्यावरही उघडत नसे.

अमावास्येला माहेरच्या माणसानं बांधलेल्याचे पाय धुवायचे, असाही रिवाज होता. धुळा गेला. खांबाशी मायाक्का बसलेली, केसांच्या जटा झालेल्या, साखळीचं कडं घासून घोटा काळा पडलेला. त्याला बघून म्हणाली, "दादा, मला ने की. मी येडी न्हाय. मला नुसतं रडू येतंय."

धुळानं परात पुढं ओढली. पाय धुता धुता अंगठ्यानं कुलूप चाचपलं. तिथल्याच लोहाराचं घडीव कुलूप, हाताएवढं, आत दोन पाती फाकून बसलेली. दोन्ही एकदम चिमटीत आली तरच दांडा सुटायचा. त्यानं बोटानं माप घेतलं आणि सोलापूरपर्यंत ते बोट दुसऱ्या कशाला म्हणून लावलं नाही.

बायकोनं, तानाबाईनं, त्याचा बेत ऐकल्याबरोबर कपाळाला हात लावला. "अवं, देवीचं कुलूप हाय ते! हात झडतील."

"झडू दे. तिचा पाय झडतोय तितं."

"आन् कळलं म्हंजी? वाळीत टाकतील की समद्यांला."

धुळानं कानशी उचलली. कामाला लागला. आधी सायकलचा आरा घेतला, तो मऊ निघाला, जोर देताच वाकला. फणीची पट्टी चिवट, पण बारीक पडली. घड्याळाची कमान तापवून सरळ केली तर थंड होताना काचेसारखी तुटली. मग हातात आली छत्रीची काडी. ही काडी पन्हाळीसारखी असते, मधून पोकळ. पात्यावरून सरकत जाईल अशी. दोन काड्या शेजारी बसवल्या, मागून पितळी तारेनं आवळल्या, टोकं घासली, निखाऱ्यावर लाल करून तेलात विझवली. बटव्यातल्या साऱ्या हत्यारांत एवढं देखणं काही नव्हतं. तो स्वतःशीच हसला आणि तानाबाईला म्हणाला, "बघ की, लगीन लावावं असं झालंय."

पुढच्या अमावास्येला देवळात गर्दी होती. पुजारी सिद्धाराम म्हातारा, आवाज मात्र ढोलासारखा. धुळानं परातीत हळदीचं पाणी ओतलं, बहिणीचा पाय कुलपासकट त्यात घेतला. पाणी पिवळं, तळ दिसत नाही. ढोल वाजत होते.

"दादा, काय करतोस?"

"गप. पाय धुतोय."

काड्या आत गेल्या. एक पातं बसलं. दुसरं निसटलं. त्यानं पुन्हा घातल्या. मायाक्काला कळलं असावं. तिनं पाय घट्ट रोवून धरला. मग पाण्याखाली बोटांना एक हलका धक्का लागला. त्यानं काड्या मुठीत घेऊन धोतराच्या सोग्यात खोवल्या आणि मागं सरला. मायाक्का उभी राहिली. कुलूप परातीत पडलं.

आता तो जल्लोष काय सांगावा! सिद्धारामानं आरोळी ठोकली, भंडारा उधळला, बायका मायाक्काच्या पाया पडायला धावल्या. बिरदेव तर खांबाला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. "लई सोसलंस गं," म्हणत त्यानं सगळ्यांदेखत तिच्या पायाला तेल लावलं. धनगराच्या गड्यानं चारचौघांत बायकोचा पाय हातात घेतलेला त्या वाडीनं पहिल्यांदा बघितला. वाजतगाजत तिला घरी नेली. धुळा सोलापुरास आला तो हवेत तरंगत. पायरीवर बसून शिट्टी वाजवायचा.

सुगी सरल्यावर तो बहिणीला बघायला गेला. दारात मायाक्का धान्य निवडत होती. एक डोळा सुजून बंद झालेला.

"पडलीस?"

तिनं मान सुपात घातली. आतून सासू बोलली. "पडती कशाची! परवा पुन्यांदा गेली माळानं पोरं हुडकत. बाहेरचं व्हतं तवर आमी चकार शब्द काढला न्हाय. आदी तिला घास, मग आमाला. आता देवीनं सोडलंय तिला, सारी वाडी साक्षीला हाय. मग ही थेरं कशाची?"

बिरदेव खाली मान घालून म्हणाला, "पावनं, येड्या मानसावर हात उगारला तर देवीवर उगारल्यागत. कवा उगारला न्हाय मी. पन बरी झालेली बायकू असं करती, तर मी काय समजायचं?"

 साखळीत होती तोवर ती देवीची होती. कुणी बोट लावायला धजत नव्हतं. कुलूप काढून त्यानं तिला या दारात आणून सोडली होती.

त्यानं बिरदेवाचं मनगट धरलं आणि टेकाडावर नेलं. देवळापुढं सिद्धाराम आणि चार माणसं बसलेली. धुळानं सगळ्यांसमोर बटव्यातून छत्रीच्या काड्या काढल्या. "देवीनं न्हाय उघडलं. मी उघडलं. ह्यानं. माजी भन बरी झालेली न्हाय, ती तशीच हाय. तिला मारू नगा."

 सिद्धारामानं देवळातून तसलंच एक नवं कुलूप आणलं, खटकन लावलं आणि त्याच्या हातात दिलं. "दाव."

धुळानं ते डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडलं.

म्हाताऱ्यानं काड्या घेतल्या, उलटसुलट केल्या. त्याचा चेहरा उजळला. "हे तुला कुनी शिकवलं?"

"कुनी न्हाय. माजं मी. बोटानं माप घेतलं, भंगारातल्या काडीचं केलं."

"भंगारात हीच काडी हाताला कशी लागली? बोटाला माप कुनी दिलं? अमावस्येलाच कसं उघडलं?" म्हातारा हसला. "खुळ्या, आई काय सवता खाली येऊन हात घालती व्हय? कुनाच्या तरी हातानंच करती की." त्यानं काड्यांना हळदकुंकू लावलं आणि त्या देवीच्या पुढ्यात ठेवल्या. बसलेली माणसं उठून धुळाच्या पाया पडली.

"मग पुन्यांदा बांदा तिला," धुळा हात जोडून म्हणाला. "मीच साखळी घालतो. पाया पडतो तुमच्या, बांदा."

"आई सोडलेल्याला परत धरत न्हाय," सिद्धाराम म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. तसं कधी झालंच नव्हतं.

"तर मी नेतो तिला सोलापूरला."

बिरदेवानं मान हलवली. "नांदती बायकू माहेरी कशी धाडू? लोक म्हनतील, देवीनं बरी केली आन् ह्यानं टाकली."

रागानं नव्हता म्हणत, समजावून सांगत होता. धुळा देवळाच्या पायरीवर बसला. आत त्याच्या काड्यांपुढं कुणीतरी उदबत्ती लावली. डोळ्यांसमोर दिसणारं, हातात घेता येणारं कुलूप असतं तर त्यानं काहीतरी घासलं असतं, तापवलं असतं.

"पावनं, ऊन झालं. जेवून जावा," बिरदेव म्हणाला.

दोघं टेकाड उतरले. मायाक्कानं पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला. ती भाकरी वाढायला वाकली तेव्हा धुळा हळूच म्हणाला, "माये, माजं चुकलं." तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. सासू चुलीपुढनं बघत होती. मायाक्कानं भाकरीवर कालवण घातलं, चांगल्या डोळ्यानं त्याच्या ताटात बघून चिमूटभर मीठ ठेवलं, आणि बिरदेवाला वाढायला पलीकडं गेली. धुळानं घास मोडला. माहेरच्या माणसानं भरल्या ताटावरून उठायचं नसतं, म्हणून तो जेवला.