सतपालने उचललेला हात

निजामुद्दीनला गाडीतून उतरलो आणि मेट्रोत घाईघाईने पहिल्याच डब्यात शिरलो. सगळ्या नजरा माझ्याकडे. एक मुलगी म्हणाली, ‘‘अंकल, बोर्ड भी पढ़ लिया करो. लेडीज़ है.’’ बॅग सावरत मागच्या डब्यात गेलो. दिल्लीतली सुरुवात ही अशी.

फरीदाबादला उतरून ई-रिक्षावाल्याला गोल्फ अकादमीचा पत्ता दाखवला. त्याने तो वाचलाच नाही. ‘‘ईमानदार वाले सतपालजी? बैठो जी.’’

ते ‘ईमानदार’ ऐकून परत फिरावंसं वाटलं. सांगतो का ते.

सतपाल कॅडी (खेळाडूंच्या काठ्यांची, म्हणजे क्लबांची, पिशवी वाहणारा) म्हणून लागला आणि देशाचा चँपियन झाला. पण लोकांना त्याच्या जिंकलेल्या स्पर्धा आठवत नाहीत, हरलेली एक आठवते. शेवटच्या दिवशी, झाडीत, त्याने काठी चेंडूमागे टेकवली आणि चेंडू किंचित हलला. पंच लांब होते. सतपालने स्वतःच हात वर केला, ‘‘गेंद हिली,’’ आणि एका फटक्याचा दंड घेतला. त्याच एका फटक्याने तो हरला. जिंकलो मी. त्या कपावर मला पुण्यात कंपनीची नोकरी मिळाली.

चेंडू सुक्या फांदीला टेकलेला होता. फांदीच्या दुसऱ्या टोकावर त्याच क्षणी माझा पाय पडला होता. दुसऱ्यामुळे चेंडू हलला तर दंड नसतो, चेंडू परत जागेवर ठेवायचा. एवढं बोलायचं होतं. बोललो नाही.

अकादमीच्या भिंतीवर सतपालचा तो वर केलेला हात रंगवलाय, पुरुषभर उंच. पुढे गवतावर दहाबारा मुलं सराव करत होती. सगळ्यांच्या काठ्या जमिनीपासून बोटभर अधांतरी. एका मुलीला विचारलं, टेकवत का नाही? ‘‘सर नहीं टिकाते,’’ ती म्हणाली.

‘‘पूना वाले! बाल कहाँ छोड़ आया?’’ सतपालने मिठीच मारली. पानाच्या द्रोणात छोले-कुलचे (मैद्याची मऊ रोटी) आले, वर आल्याचे लांब काप. दोन घास खाल्ले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं काहीच झालं नाही.

त्याने हातातला कुलचा द्रोणात ठेवला. ‘‘मतलब मेरी क्लब से नहीं हिली?’’

‘‘नहीं.’’

‘‘उस दिन के बाद मैंने क्लब ज़मीन पे रखी ही नहीं. डर लगता था, फिर हिल जाएगी. लोग स्टाइल समझते रहे.’’ मग द्रोण माझ्याकडे सरकवला. ‘‘खा ले. ठंडा हो रहा है.’’

हा राग होता की आदरातिथ्य, मला कळेना.

खाणं झाल्यावर त्याने मुलांना बोलावलं. ‘‘अब इनको बता.’’ माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. मघाचीच मुलगी म्हणाली, ‘‘तो दीवार वाली बात झूठ है?’’ मी सतपालकडे पाहिलं, तो माझ्याकडे. त्याने तिची काठी घेतली, गवतावर टेकवली. फटका असा बसला की चेंडू घरंगळत चार हातांवर थांबला. मुलं हसावं की नाही या विचारात. हसला तोच पहिला.

स्टेशनपर्यंत स्कूटरवर सोडायला आला. हेल्मेटमधून विचारलं, ‘‘घर में बताया है?’’

‘‘नहीं.’’

‘‘बीवी को भी नहीं? तो पहले इधर क्यों आया, यार?’’

परतीच्या गाडीत मथुरा गेलं, कोटा गेलं, तेव्हा कुठे थोडं उमगलं. ज्याचं मी बिघडवलं तो मला माफ करील, हे बहुधा मी धरूनच चाललो होतो. ज्या घरच्यांचं माझ्या खोट्यावर नीट चाललं होतं, त्यांची भीती जास्त होती. सतपालने माफ केलं की नाही, तेही अजून ठाऊक नाही.

पुण्यात घरी पोचलो. बायको चहा टाकायला वळली. कपाटातला स्पर्धेचा तो कप काढून मी टेबलावर ठेवला आणि म्हणालो, ‘‘चहा राहू दे. आधी इथे बस.’’