कर्मचाऱ्यांची मुले घेतली जाणार नाहीत

डिचोलीच्या पाळणाघरात मी, सुशीलेनं, सत्तावीस वर्षं पेज शिजवली. तिथं पोरं सांभाळणाऱ्या कमलाक्षी ताईबद्दल बोलायचा हक्क मला आहे. तिच्या निरोप समारंभात जे बोलले त्यांना तो नव्हता. "संस्थेची माऊली" म्हणे. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढले, आणि माऊलीला बसस्टॉपपर्यंत सोडायला एकाचीही गाडी वळली नाही.

एकतीस वर्षं नोकरी केली तिनं. बेळगाव-कोल्हापूरकडून कामाला आलेल्या बायकांची पोरं आमच्याकडे. आया बांधकामावर नाहीतर कारखान्यात, पोरं कमलाक्षीच्या मांडीवर. पण संस्थेनं भिंतीवर एक नियम लिहून ठेवला होता: कर्मचाऱ्यांची मुले घेतली जाणार नाहीत. का, तर आम्ही आपल्या पोराला दूध जास्त घालू. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या घरी पोरं सांभाळायला दोन-दोन बायका होत्या.

मी काय केलं? माझ्या सुदेशला बांधकामावरच्या गणपत मिस्त्रीचा पोरगा म्हणून घातलं. हजेरी कमलाक्षी लिहायची. तिनं माझ्याकडे एकदा नुसतं पाहिलं आणि नाव लिहिलं.

तिची पोर सुविधा मात्र मये गावात शेजारणीकडे. नवरा वास्कोला बंदरात, शनिवारी यायचा. एकदा ती शेजारीण काजू गोळा करायला डोंगरावर गेली आणि पोरीला आत ठेवून बाहेरून कडी घातली. कमलाक्षी संध्याकाळी पोचली तर चार वर्षांची पोर मुतात बसलेली, रडून रडून आवाज गेलेला. दुसऱ्या दिवशी ही साडेसातला कामावर हजर.

मी म्हटलं, "आण गो तिला. माझी भाची म्हणून लिही."

"तुझं लिहिलं ते लिहिलं. माझ्याच हातानं माझ्या पोरीचं खोटं कसं लिहू?"

जगात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. हिचं सगळं उलटं. मला तेव्हा तिचा राग आला, अजून येतो. आणि माझ्यासाठी तिनं डोळेझाक केली होती, म्हणून लाजही वाटते.

पुढे संस्थेनं तो नियम काढून टाकला. पेढे वाटले. सुविधा तेव्हा बारावीत होती.

नवरा वारल्यापासून कमलाक्षी एकटीच. सुविधा पेडण्याला दिलेली, तिथंच कचेरीत नोकरीला. तिची सेजल सहा महिन्यांची झाली आणि रजा संपत आली, तेव्हाच हिची निवृत्ती. कमलाक्षी भेटेल त्याला सांगायची, "आता नातीला मी सांभाळणार. सुविधेचं राहिलं ते हिचं करीन." जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, नाचणीचं सत्त्व केलं. समारंभानंतरच्या सोमवारी राहायच्या तयारीनं पेडण्याला गेली.

त्याच संध्याकाळी भरल्या पिशवीसकट माझ्या दारात परत. मी चहा ठेवला. ती एकेक सांगत गेली.

सुविधा भांडली नव्हती. पोटभर जेवू घातलं, आणि भांडी आवरता आवरता म्हणाली, "आई, सेजलला मी तुमच्या संस्थेच्या पाळणाघरात घातलंय. इथं पेडण्यातच आहे."

"अगो, मी आहे ना घरात. पाळणाघर कशाला?"

"तिथं पोरांकडे नीट लक्ष देतात, आई. मी लहान असताना तू रोज घरी येऊन मला तेच तर सांगायचीस. कोण आज हसलं, कुणाला मांडीवर घेऊन भरवलंस."

हे ऐकून मला पोरीला शिव्या द्याव्यात असं वाटलं, पण देणार कुठल्या तोंडानं? मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार?" कमलाक्षीनं बशीत चहा ओतला. "तिथं ताई कोण आहे ते विचारलं. सायली आहे. मीच शिकवलेली. चांगली सांभाळेल."