उत्तराने समाधान झाले आहे

"अरे ये ना वर, लाजतोस काय," साहेब माइकवरून म्हणाले.

डोंबिवलीतलं एक सभागृह. नागरिकांच्या कुठल्याशा मंचाने आमच्या आमदारसाहेबांना 'अभ्यासू लोकप्रतिनिधी' असा पुरस्कार दिला होता. शाल, श्रीफळ, आणि काचेचा एक त्रिकोण, जो कुठल्याच कपाटात नीट बसत नाही. साहेबांनी भाषणात सांगितलं की विधानसभेतला प्रत्येक प्रश्न ते स्वतः बसून लिहितात. सरकारी कागद वाचायला लागले की जेवणाची शुद्ध राहत नाही. मी सातव्या रांगेत होतो. शेजारी माझी बायको सुजाता. तिला मी मुद्दाम आणलं होतं. कारण ते सगळे प्रश्न मी लिहिलेले होते, आणि साहेब सकाळी म्हणाले होते, "आज तुझं नाव घेतो स्टेजवरून."

मी उठलो. शर्ट सारखा केला. पायऱ्या चढलो. टाळ्याही वाजल्या थोड्या. लोक कुणी वर चढलं की वाजवतातच.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सभागृहाला म्हणाले, "हा आमच्या ऑफिसातला. बौद्ध समाजाचा आहे, पण एकदम हुशार. आमच्याकडे सगळे आहेत, भेदभाव नाही." मग शाल आणि नारळ माझ्या हातात दिले. माइकपासून तोंड जरा बाजूला करून म्हणाले, "हे धर. गाडीत नीट ठेव, चुरगळेल."

नारळ घेऊन मी पायऱ्या उतरलो. खाली छायाचित्रकार होता. त्याने कॅमेरा खाली घेतला, मी जाईपर्यंत थांबला आणि पुन्हा वर घेतला.

परत येऊन बसलो तेव्हा सुजाताने विचारलं, "शाल तुला दिली, की तुझ्याकडे दिली?"

"प्रश्न उद्भवत नाही," मी म्हणालो. मंत्र्यांची उत्तरं वाचून वाचून मलाही ती सवय लागली होती.

मतदारसंघाचं नाव सांगत नाही. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत कुठलाही धरा, फार फरक पडणार नाही. सांगायचं आहे ते हेव्याबद्दल. चांगल्या माणसांना हेवा वाटत नाही असं पुस्तकांत असतं. मी पुस्तकं बरीच वाचली, हेवा काही गेला नाही.

साहेब आणि मी ठाण्यात एकाच कॉलेजात होतो. तेव्हा तो मला 'अरे' म्हणायचा आणि मी त्याला. राज्यशास्त्राच्या पेपरला तो माझ्या मागे बसायचा. मी पाठ जरा तिरकी ठेवायचो, म्हणजे त्याला दिसावं. त्याला माझ्यापेक्षा चार गुण जास्त पडले. त्याचं अक्षर चांगलं होतं. पुढे त्याच्या घरी पक्षाचं तिकीट आलं, आणि माझ्या घरी स्पर्धा परीक्षेचे निकाल. तो 'साहेब' झाला. मी त्याच्या संपर्क कार्यालयात लागलो. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून 'अरे' निघालं. खोलीतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. तो हसला आणि म्हणाला, "बाहेर चालेल रे, इथे नको." बाहेर आम्ही नंतर कधी भेटलोच नाही.

अधिवेशनाच्या आधी प्रश्न पाठवावे लागतात. त्यातला तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं. साहेब कोऱ्या अर्जांवर गठ्ठ्याने सह्या करून ठेवायचे. मजकूर मी भरायचो. 'हे खरे आहे काय?' 'असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?' 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' या तीन वाक्यांत महाराष्ट्राचं कुठलंही दुःख बसवता येतं. मी बसवायचो. नाले, शाळा, दवाखाने, गळके पूल. मंत्र्यांनी टाळाटाळ केली तर पुढे काय विचारायचं, ते उपप्रश्न मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर. साहेबांना चष्मा लावायचा नव्हता.

एकदा त्यांनी मला प्रेक्षक गॅलरीचा पास दिला. खाली साहेब उभे राहिले आणि माझी वाक्यं बोलायला लागले. खोटं का सांगू, छान बोलले. 'अध्यक्ष महोदय' म्हणून ते थांबले, आणि ती थांबण्याची जागा मी लिहिलेली नव्हती. ती त्यांची होती. आपण बोलत नसतानाही लोक ऐकत राहतील याची खात्री असणारा माणूसच तसा थांबू शकतो. मी आयुष्यात कधी तसा थांबलेलो नाही. थांबलो की लोक दुसरीकडे बघतात. त्या थांबण्याचा मला जितका हेवा वाटला, तितका त्यांच्या गाडीचा किंवा बंगल्याचाही वाटला नाही.

मागून खांद्यावर बोट टेकलं. गॅलरीत शिस्त राखणारा मार्शल होता. "ओठ हलवू नका," तो म्हणाला. "नियम आहे."

मला कळलंच नव्हतं. त्यांच्याबरोबर मीही बोलत होतो. आवाज न काढता.

खाडीकडच्या आमच्या वस्तीत एक अभ्यासिका आहे. आमदार निधीतून बांधलेली, आधीच्या कुणा आमदाराच्या. बाबा खोपटच्या डेपोत एसटीच्या गाड्या धुवायचे. घर एका खोलीचं, त्यात सहा माणसं. मी जे काही शिकलो ते त्या अभ्यासिकेतल्या खिडकीशेजारच्या टेबलावर. पुढे ती चालवायला एका मंडळाकडे दिली. मंडळाचे अध्यक्ष साहेबांचे सख्खे काका. त्यांनी आधी पंखे दुरुस्तीला काढले, मग कुलूप लावलं, मग आत मांडवाचे बांबू, खुर्च्या आणि निवडणुकीतले कटआउट आणून ठेवले. खिडकीतून बघितलं तर माझ्या टेबलावर साहेब आडवे. बारा फुटांचे, हात जोडलेले.

माझ्या बहिणीची मुलगी प्रज्ञा परीक्षेची तयारी करते. ती पुस्तकं घेऊन खोपटच्या एसटी डेपोत जाऊन बसते. तिथे बाक आहे, दिवा आहे. मधे मधे नाशिकची गाडी लागल्याची घोषणा होते. तिच्या आजोबांनी जिथे गाड्या धुतल्या तिथे ती राज्यघटना वाचते. हे कुणाला फार सुंदर वाटेल. तिला पाठदुखी सुरू झाली आहे.

मी काकांकडे किल्ली मागायला गेलो होतो. एकटाच. ते झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी चहा मागवला, ख्यालीखुशाली विचारली. मग म्हणाले, "तुमच्यातला तू शिकलास ना? झालं की. अजून किती? आणि तुम्हाला सवलती आहेतच."

मी तो चहा प्यायलो. हे लिहिताना मला त्यांच्या वाक्यापेक्षा त्या चहाची जास्त लाज वाटते. साखर कमी आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही, बरोबर आहे.

पुरस्काराचा तो कार्यक्रम याच्या नंतर दोन आठवड्यांनी झाला. नारळ गाडीत ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन सही केलेला एक कोरा अर्ज पुढे घेतला. लिहिलं: सदर अभ्यासिका दीर्घकाळ बंद असून तेथे खाजगी साहित्य साठवण्यात आले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, संबंधित मंडळावर शासनाने कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

चोरून काही केलं नाही. सगळ्या प्रश्नांची यादी साहेबांना गाडीत वाचायला दिली. हा अकरावा होता. ते फोनवर होते. पहिलं पान उलटलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "चांगले आहेत. टाक सगळे." अभ्यासू लोकप्रतिनिधी.

चिठ्ठ्या टाकून प्रश्नांचा क्रम ठरतो. आमचे बाकीचे प्रश्न तळाला गेले. हा वर आला.

प्रज्ञाला सांगितलं तर तिने पहिल्यांदा विश्वासच ठेवला नाही. म्हणाली, "मामा, म्हणजे मंत्र्यांना उभं राहून सांगावं लागणार? आपल्या गल्लीबद्दल?" मी म्हटलं, हो. "मग मी डेपोत बसूनच मोबाइलवर बघेन."

त्या दिवशी सकाळी विधान भवनाच्या आवारात साहेबांच्या हातात छापील यादी पडली. त्यांनी मला खांबामागे घेतलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"काकांचं मंडळ आहे ते."

"माहितीय."

"मला विचारलं नाहीस?"

"यादी दिली होती. सही तुझी आहे."

पंधरा वर्षांनी 'तू' म्हणालो. त्यांनी यादी खिशात घातली. मग हसले, अगदी कॉलेजातल्यासारखं, आणि म्हणाले, "बरं. बघू आपण. उपप्रश्न दे."

मी कागद दिला. तीन उपप्रश्न, मोठ्या अक्षरांत. पास घेऊन वर गॅलरीत गेलो. मला वाटलं होतं, सभागृहात उभा राहिला की माणूस जरा मोठा होतो. अशा भाबडेपणाला माझ्या वयात क्षमा नाही.

आमचा क्रमांक पुकारला. मंत्र्यांनी कागद वर धरला. "एक, हे खरे नाही. दोन, प्रश्न उद्भवत नाही. तीन, प्रश्न उद्भवत नाही."

साहेब उभे राहिले. माझा कागद त्यांच्या हातात होता. वरून मला पहिली ओळ दिसत होती, इतकं अक्षर मोठं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, आणि थांबले. तसंच. सगळं सभागृह थांबलं. "मंत्री महोदयांच्या उत्तराने माझं समाधान झालेलं आहे. सदर अभ्यासिका उत्तम सुरू आहे. मी स्वतः जाऊन पाहिलेली आहे. काही लोकांनी गैरसमज पसरवला होता, तो दूर व्हावा म्हणूनच मी हा प्रश्न विचारला."

बाकं वाजली. पुढचा क्रमांक पुकारला.

माझे ओठ या वेळी हलले नाहीत. बोलायला माझं एकही वाक्य नव्हतं.

तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट कळली, आणि ती कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझे शब्द त्याच्या तोंडून तरी जातात, म्हणजे निम्मा मी आत पोचलो. तसं नव्हतं. शब्द माझे होते तोवर ते नाल्यांबद्दल होते. माझ्याबद्दल झाले त्या क्षणी कागदाची घडी झाली. आणि घडी घालणारा हात कुणाचा असणार, हे त्याचं तिकीट आलं तेव्हाच ठरलं होतं. मी आपला पेपर लिहिताना पाठ तिरकी ठेवून बसलो होतो. वीस वर्षं.

गॅलरीबाहेर जमा केलेला फोन हातात आला तेव्हा प्रज्ञाचा संदेश होता. "मामा, साहेबांनी स्वतः पाहिली म्हणे. मलाही एकदा दाखवा म्हणावं."

संध्याकाळी ऑफिसात साहेब खुशीत होते. "राग मानू नको रे. काकांचं वय झालंय. तुला काय हवं ते सांग, मी बघतो. आता एक बातमी तयार कर पेपरांसाठी. 'आमदारांच्या पाठपुराव्यामुळे अभ्यासिकेबाबतच्या अफवांना पूर्णविराम.' तुझ्या भाषेत लिही. छान लिहितोस तू."

"नाही लिहिणार."

"काय?"

"हे मी लिहिणार नाही. यापुढे काहीच लिहिणार नाही."

त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर दाखल्यांसाठी लोक बसले होते. आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्यासारखे पन्नास मिळतील."

"मिळतील. त्यांच्या याद्या वाचत जा."

कपाटातून मी सह्या केलेल्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा काढला. त्यावर मी काहीही लिहू शकलो असतो. राजीनामासुद्धा. मोह झाला नाही असं म्हणणार नाही. गठ्ठा टेबलावर ठेवला, त्यावर ऑफिसची किल्ली. म्हणालो, "तुझ्या सह्या मोजून घे." आणि निघालो.

घरी सुजाताला सांगितलं. तिने पहिल्यांदा घरभाडं कसं भरायचं ते विचारलं, आणि ते बरोबरच होतं. मग म्हणाली, "शाल तरी ठेवून घ्यायची होती."

दुसऱ्या दिवशी मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. अभ्यासिका किती दिवस उघडी होती, किल्ली कुणाकडे असते, आत कुणाचं सामान आहे. अर्जदाराच्या नावापुढे रिकामी जागा होती. तिथे आधी सवयीने साहेबांचं नाव लिहायला घेतलं, मग खोडून स्वतःचं लिहिलं. दुसऱ्याच्या सहीवर लिहायची सवय वाईट.

हेवा अजून आहे. तो गेला असं सांगून मी कुणाला बरं वाटू देणार नाही. पूर्वी मला त्याच्यासारखं व्हायचं होतं. आता तसं नाही. आता मला तो जिथे उभा राहतो ती जागा हवी आहे. पुढच्या निवडणुकीत मी उमेदवारीचा अर्ज भरणार आहे, आणि बहुतेक पडणार आहे. त्यानंतरच्या निवडणुकीत पुन्हा भरेन. तोवर दर महिन्याला एक अर्ज, एक अपील, आणि दर रविवारी त्या कुलपासमोर एक सतरंजी. प्रज्ञा पुस्तकं घेऊन येते. तिच्याबरोबर आणखी चौघी येतात. काका गाडीतून जाताना काच खाली करत नाहीत.

पहिल्या अर्जाचं उत्तर आलं आहे. 'अभ्यासिका सुरू असल्याने प्रश्न उद्भवत नाही.'

त्याखाली मी अपील लिहिलं. माझं समाधान झालेलं नाही. सही माझी.