काखेतली नळी

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर डावा हात अंगाशी घट्ट धरून व्हरांड्यातून येताना दिसल्या की मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावत असे. त्यांच्या काखेत काचेची नळी असे आणि नळीत कोणा बाईच्या अंगावरून जाणाऱ्या पाण्याचा नमुना. ट्रायकोमोनास हा जंतू थंड पडला की पोहणे थांबवतो आणि मग ओळखता येत नाही, असे मी डॉक्टर म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना बऱ्याच विद्वत्तापूर्ण रीतीने सांगितले होते. दुसऱ्या दिवसापासून नळी काखेत आली.

खाजेची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक विवाहितेस त्यांचा पहिला प्रश्न एकच असे : “घोव कुठाय?” उत्तर बहुधा “मुंबईस” असे येई, कारण शिमग्याला आलेला नवरा पंधरा दिवसांत परतलेला असे आणि खाज मागे राहिलेली असे. मग सिस्टर मला अंतर्देशीय पत्र लिहायला बसवत. मजकूर ठरलेला होता : औषध दोघांचे आहे, तुमचे तिथे घ्या, तोवर इकडे येऊ नका.

मी शक्यता शिस्तीने मांडत असे. दह्यासारखे घट्ट पाणी आणि अनावर खाज असेल तर बहुधा बुरशी. तिला नवऱ्याची गरज लागत नाही. राखाडी पाणी व मासळीसारखा वास असेल तर आतल्या जंतूंचा तोल बिघडलेला. हिरवट फेस असल्यास ट्रायकोमोनास, पूसारखे असल्यास परमा, म्हणजे गनोरिया. पण नुसत्या दिसण्यावरून काहीच ठरवू नये. हर्णै बंदरावर वाढलेल्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “मासळीचा वास हर्णैच्या बाईला शिकवू नको, गो.”

एकदा पालीकडची एक सासू सुनेला घेऊन आली. सोबत सुनेच्या कपड्यांचे बोचके होते. सून माहेराहून रोग घेऊन आली आहे, तेव्हा इथूनच तिला माहेरी पोचवायची, असे ठरवूनच ती निघाली होती. गिरणीच्या संपामुळे गावात अडकलेला नवरा बाहेर फणसाखाली विडी ओढत उभा होता.

भिंगाखाली जंतू झकास पोहत होते. सुनेला विचारून सिस्टरांनी नवऱ्याला मासळीच्या लिलावाच्या आवाजात आत बोलावले आणि भिंगाला डोळा लावायला लावला.

“हे वळवळतंय ते काय?”

“तुझ्याकडंही वळवळतंय का, बघू. ही बाटली घे.”

त्याच्या लघवीच्या गाळातही तेच निघाले.

“म्हणजे हिनंच दिलान ना ह्याला?” सासू म्हणाली.

कोणी कोणाला दिले हे भिंगातून कळत नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. सिस्टरांनी माझ्याकडे असे पाहिले की मला पदवी परत करावीशी वाटली. मग त्या त्याच्याकडे वळल्या. “ह्या डॉक्टरणीचं यंत्र मुकं आहे. तुला बोलता येतं ना?”

त्याने बोचक्याकडे पाहिले. “माझ्याकडनंच आलं असंल, आये.”

सिस्टरांनी दोघांच्या तळहातांवर गोळ्या ठेवल्या आणि गिळल्यावर दोघांनाही तोंड उघडून दाखवायला लावले. जाताना बोचके सासूने स्वतः उचलले आणि पालीच्या गाडीची वाट धरली. सून मागून रिकाम्या हातांनी चालत होती.

पुढे मी त्याच जंतूवरील संशोधनासाठी मुंबईस गेले. सिस्टर निवृत्त होऊन हर्णैला परतल्या. त्या वारल्याचे मला पत्राने कळले. त्या दिवशी प्रयोगशाळेतली वीज गेली होती आणि आमची परदेशी उबवणपेटी थंड पडत चालली होती. सहकारी दुरुस्तीवाल्याला फोन करत होते. मी एका नळीचे बूच घट्ट केले आणि ती काखेत धरली. सगळे हसले.

वीज आल्यावर फक्त माझेच जंतू पोहत होते.